पात्रता थोडी कमी असताना अर्ज करावा का?

जाहिरातीतल्या दहा अटींपैकी सातच पूर्ण होत असतील, तर आधी जाहिरात कोणाची आहे ते पाहा.

सरकारी भरतीत आवश्यक अर्हता म्हणजे आवश्यकच. ठरलेल्या तारखेला ती हाती नसेल, तर उत्तम गुण मिळवूनही कागदपत्र पडताळणीत नाव बाद होते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे शासनमान्य प्रमाणपत्र लागते. नुसता हाताला वेग असून भागत नाही. सवलती मात्र असतात. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षालाही देता येते. म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

खासगी कंपनीचे गणित वेगळे. तिथली यादी बहुधा मनातल्या आदर्श उमेदवाराची असते आणि तसा माणूस क्वचितच मिळतो. तीन वर्षांचा अनुभव मागितला आणि तुमच्याकडे दोन वर्षांचा असेल, तर अर्ज जरूर करा. परवान्याशिवाय करताच येत नाहीत अशी कामे, उदाहरणार्थ डॉक्टर किंवा फार्मासिस्ट, अर्थातच सोडून.

अर्जात ‘टॅली येते’ एवढेच लिहू नका. ‘किराणा दुकानाची खरेदी-विक्री वर्षभर टॅलीत नोंदवली’ असे लिहिले, की वाचणाऱ्याला काम दिसते. अनुभव वाढवून मात्र कधीही सांगू नका. खोटे उघडकीला आले तर लागलेली नोकरीही जाते. गुणी मुले-मुली अर्ज न करताच माघार घेतात, याचे फार वाईट वाटते. एखाद्या अटीबद्दल शंका असेल, तर जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन करून सरळ विचारा.