समुद्रात किती ठेवायचं?

२०२५ च्या एप्रिलमध्ये पेरूच्या उत्पादन मंत्रालयाने एक आकडा जाहीर केला: ३० लाख टन. उत्तर आणि मध्य पेरूच्या किनाऱ्यासमोर, त्या एका हंगामात, आंचोवेता नावाचा एकच मासा एवढा पकडायला परवानगी. आपल्याकडे गुजरातपासून बंगालपर्यंतच्या सगळ्या बंदरांवर बांगडा, तारली, बोंबील, सुरमई, कोळंबी, माकूळ असं सगळं मिळून वर्षभरात जी समुद्री मासळी उतरते, ती अलीकडे ३५ लाख टनांच्या आसपास असते. पेरूत एका जातीचा एका हंगामाचा कोटा जवळजवळ तेवढा भरतो, आणि तिथे असे हंगाम वर्षातून दोन असतात.

मासा मात्र बोटभर. आंचोवेता आपल्या मांदेलीच्या कुळातला. बाजारात कोळणीच्या पाटीत ठेवला तर कुणी वळून पाहणार नाही. चांगला वाढलेला आंचोवेता साधारण १४ सेंटीमीटर लांब आणि २० ग्रॅमच्या आसपास वजनाचा. म्हणजे एका टनात ५० हजार मासे, आणि ३० लाख टनांत १५ हजार कोटी. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या बाळांसकट, अठरा-एकोणीस मासे देता येतील. तोंडाला शेपूट लावून ओळ केली तर ती २ कोटी १० लाख किलोमीटर लांब होईल, इथून चंद्रापर्यंतच्या अंतराच्या ५४ पट. सगळे मासे पूर्ण वाढलेले धरून केलेला हा हिशोब आहे. प्रत्यक्षात त्यात लहान मासेही असतात, त्यामुळे खरी संख्या याहून मोठीच.

मला या आकड्यांपेक्षा त्यांच्यामागे दडलेला आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. कोटा ठरवताना शास्त्रज्ञ ‘किती पकडू द्यायचं’ इथून सुरुवात करत नाहीत. हंगाम संपल्यावर समुद्रात किती उरलं पाहिजे, हे ते आधी ठरवतात. पेरूच्या सागरी संशोधन संस्थेने, इमार्पेने, अनेक वर्षं धरून ठेवलेली खूण अशी की अंडी घालण्याजोग्या माशांचा साठा हंगामअखेरीला ४० ते ५० लाख टनांच्या खाली जाता कामा नये. मोजलेल्या साठ्यातून हे राखीव आधी बाजूला काढायचं, आणि मग उरलेल्यातला वाटा बोटींचा. २०२५ च्या हंगामाआधी मोजलेला साठा एक कोटी टनांच्या वर होता, म्हणून ३० लाख देता आले.

एवढा मासा तिथे येतो कुठून? पेरूच्या किनाऱ्यालगत वारा वरचं पाणी समुद्रात लोटतो आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं थंड, खतासारखं सकस पाणी वर येतं. उन्हात आलं की त्यात सूक्ष्म वनस्पतींचं पीक माजतं आणि त्यावर आंचोवेता पोसला जातो. जगाच्या सागरी पृष्ठभागाच्या एक हजारांश भागाहूनही लहान अशा या पट्ट्यातून जगातल्या एकूण मासळीचा साधारण दहावा हिस्सा निघत आला आहे. मादी वर्षभरात वयात येते, एका खेपेला दहा हजारांच्या घरात अंडी सोडते आणि हंगामात अशा अनेक खेपा करते. पण आयुष्य तीन-चार वर्षांचं. आज समुद्रात असलेला साठा म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांची पिल्लं, त्यामागे जुनी शिल्लक काहीच नाही.

आणि दर काही वर्षांनी एल निनो येतो. गरम पाण्याचा थर जाड होतो, खालचं सकस पाणी वर पोचत नाही, मासा उपाशी पडतो.

१९५० च्या सुमाराला पेरूत आंचोवेताची मासेमारी नावापुरती होती. त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या तारल्यांचा साठा ढासळला, तिथले कारखाने ओस पडले आणि त्यांची यंत्रं स्वस्तात पेरूला आली. एका किनाऱ्यावर मासा संपवलेली यंत्रं जहाजात घालून दुसऱ्या किनाऱ्यावर नेली गेली, हे वाचताना अंगावर काटा येतो. आंचोवेता उकडून, दाबून, वाळवून त्याचं फिशमील करायचं आणि ते अमेरिका-युरोपातल्या कोंबड्या-डुकरांना घालायचं, असा तो धंदा. १९६० मध्ये पकड ३० लाख टनांच्या जवळ गेली, १९६४ मध्ये ८० लाखांच्या वर. चिंबोते हे १९४० मध्ये चार हजार वस्तीचं गाव होतं. १९७२ पर्यंत तिथे दीड लाखाहून जास्त माणसं राहत होती. अँडीजच्या डोंगरांतून कुटुंबंच्या कुटुंबं उतरून वाळूत झोपड्या बांधून राहिली.

१९७० मध्ये तज्ज्ञांच्या मंडळाने सांगितलं की वर्षाला ९५ लाख टनांपर्यंत पकड या साठ्याला झेपेल. त्या वर्षी प्रत्यक्ष पकड १ कोटी २० लाख टनांहून जास्त झाली. मघाचंच गणित लावलं तर ६० हजार कोटी मासे. तेव्हाच्या जगातल्या प्रत्येक माणसामागे दीडशेहून अधिक, एका वर्षात. इतक्या वजनाचा एकाच जातीचा मासा एका वर्षात त्याआधी कुणी कुठेच पकडला नव्हता.

१९७२ मध्ये एल निनो आला. तेव्हा जे घडलं ते नीट समजून घ्यावं असं आहे. पाणी तापलं तसे आंचोवेताचे थवे किनाऱ्यालगतच्या उरल्यासुरल्या थंड पाण्यात गोळा झाले. जाळी तुडुंब भरून येऊ लागली. बोटीवरून पाहणाऱ्याला वाटावं की समुद्र इतका भरलेला कधी नव्हता. प्रत्यक्षात सगळा साठा एका कोपऱ्यात आला होता आणि नवी पिल्लं जवळजवळ जन्मलीच नव्हती. १९७३ ची पकड २० लाख टनांच्या आत आली. सरकारने धंदा ताब्यात घेतला, कारखाने बंद पडले, बोटी मोडीत निघाल्या. १९८२-८३ च्या दुसऱ्या मोठ्या एल निनोनंतर, १९८४ मध्ये, आंचोवेताची पकड एक लाख टनांच्याही खाली गेली. कोटीवरून लाखाच्या आत, चौदा वर्षांत. साठा पूर्वपदावर यायला १९९० चं दशक उजाडलं.

जाळं किती भरलं यावरून समुद्र मोजता येत नाही, हे त्या १९७२ ने शिकवलं. म्हणून आता हंगामाआधी इमार्पेची जहाजं किनाऱ्याला काटकोनात, आत-बाहेर अशा रेघा मारत अख्खा पट्टा पालथा घालतात. जहाजाच्या तळातून ध्वनीचे ठोके खाली सोडले जातात. आंचोवेताच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर आदळून ध्वनी परत येतो. मध्येमध्ये जाळी टाकून मासे बाहेर काढतात, त्यांची लांबी मोजतात, अंड्यांची अवस्था पाहतात. कोट्यवधी प्रतिध्वनींवरून एक आकडा काढला जातो, आणि हंगाम उघडायचा की नाही हे त्यावर ठरतं.

आकडा चांगला असला तरी तो वाटायचा कसा, हा प्रश्न उरतो. २००८ पर्यंत पेरूत सगळ्यांना मिळून एकच कोटा असे. ज्याने आधी ओढला त्याचा मासा. हजाराहून जास्त पर्ससीन बोटी एकाच दिवशी बंदरातून सुटत आणि वर्षाचा कोटा जेमतेम पन्नासेक दिवसांत संपवत, म्हणजे दिवसाला लाखभर टन. कारखान्यांसमोर बोटींच्या रांगा लागत, मासा डेकखाली सडे, खलाशी झोपेविना काम करत. २००८ च्या कायद्याने, तो २००९ पासून लागू झाला, प्रत्येक बोटीला एकूण कोट्यातली ठरावीक टक्केवारी मिळाली. ०.१ टक्के वाटा असेल तर ३० लाखांतले ३ हजार टन तुमचे, आज पकडा की पुढच्या महिन्यात. शर्यत थांबली, हंगाम लांबला. बोटीही कमी झाल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यावरची कामंही. कोट्याची बाजू घेणाऱ्यांनी हे कधी दडवू नये असं मला वाटतं.

दुसरा नियम पिल्लांचा. १२ सेंटीमीटरच्या आतला आंचोवेता पिल्लू समजला जातो. पकडीत अशी पिल्लं संख्येने १० टक्क्यांपेक्षा जास्त निघाली की तो समुद्राचा तुकडा काही दिवस बंद करतात. ऐकायला अगदी रास्त. पण २०१७ ते २०१९ च्या नोंदी तपासून एका अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं की या बंदीमुळे पिल्लांची एकूण पकड घटण्याऐवजी सुमारे ४८ टक्क्यांनी वाढली. कारण बंदीची घोषणा म्हणजेच ‘मासा इथे आहे’ ही जाहीर बातमी. बोटी त्या तुकड्याच्या कडेला येऊन थांबतात, बंदी उठताच आत घुसतात, आणि पिल्लं काही हद्दी पाळत नाहीत. चांगल्या हेतूचा नियम उलटा कसा पडतो, याचं इतकं स्वच्छ मोजलेलं उदाहरण क्वचित सापडतं. आपल्या महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवली गेली. ती पाळली जावी असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी पेरूचा हा अभ्यास जरूर पाहावा.

या वाटपात एक वाटेकरी असा आहे की ज्याला कुणी टक्केवारी दिलेली नाही. पेरूच्या बेटांवरचे समुद्रपक्षी, मुख्यतः ग्वानाय नावाचा पाणकावळा, आंचोवेतावरच जगतात. १९५० च्या दशकाच्या मध्याला त्यांची संख्या २ कोटी ८० लाखांच्या घरात होती. एक पक्षी दिवसाला साधारण ४०० ग्रॅम मासा खातो. म्हणजे सगळे मिळून रोज ११ हजार टनांहून जास्त, वर्षाला ४० लाख टन. त्यांची विष्ठा, ग्वानो, एकोणिसाव्या शतकात युरोपच्या शेतांना खत म्हणून जात होती आणि पेरूचा खजिना तिच्यावर चालत होता. मासेमारी फोफावल्यावर पूर्वीही एल निनोत मरणारे हे पक्षी पुन्हा तेवढे वाढलेच नाहीत. कोट्यवधींचे काही लाखांच्या पटीत उरले. त्यांच्या तोंडचा घास कारखान्यांत गेला.

आणि त्या घासाचं होतं काय? एक टन फिशमीलला सव्वाचार-साडेचार टन मासा लागतो. आंचोवेताचा अगदी थोडा भाग माणसाच्या ताटात जातो; बाकी सगळ्याचं मील आणि तेल होतं आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा चीनमध्ये मत्स्यशेतीच्या खाद्यात जातो. पेरूच्या मासेमारी क्षेत्राचा २००९ चा हिशोब मांडणाऱ्या एका अभ्यासात आढळलं की वजनात बाकी सगळ्या मासळीवर भारी पडणारा आंचोवेता त्या क्षेत्रातल्या रोजगारात मात्र २३ टक्केच भर घालतो. उरलेले रोजगार बाकीच्या, माणसांनी खायच्या मासळीतून येतात: ती साफ करणाऱ्या, बर्फात भरणाऱ्या, विकणाऱ्या, शिजवून वाढणाऱ्या हातांचे. उपजीविका टनांत मोजू नये, हे यावरून मला पटलं. एका टनामागे किती चुली पेटतात हे पाहावं, आणि ते पाहिलं तर कोटा कुणाला द्यायचा याचं उत्तर बदलू शकतं.

२०२३ मध्ये पुन्हा समुद्र तापला. पहिल्या हंगामासाठी जूनमध्ये चाचणी मासेमारी झाली, तेव्हा जाळ्यांत पिल्लंच पिल्लं आली. सरकारने उत्तर-मध्य पेरूचा तो हंगाम रद्द केला. कोटा: शून्य. जगातल्या फिशमीलचा साधारण पाचवा हिस्सा पुरवणारा देश त्या हंगामात तिथे थांबला. माशाच्या तेलाचे भाव जगभर भडकले. ५० वर्षांपूर्वी, अशाच तापलेल्या पाण्यात, कुणी थांबलं नव्हतं. वर्षअखेरच्या हंगामाला १६ लाख ८२ हजार टन मिळाले. पाणी निवलं, आणि २०२४ च्या पहिल्या हंगामाला २४ लाख ७५ हजार, दुसऱ्याला २५ लाख १० हजार, आणि मग २०२५ चे ३० लाख.

पण शून्य सगळ्यांना सारखं लागत नाही. खलाशाची कमाई पकडीच्या वाट्यावर असते. ०.१ टक्क्याची बोट असो की ५ टक्क्यांचा मालक, शून्यातून वाटा शून्यच निघतो. पण मालकाच्या गोदामात मागच्या हंगामाचं तेल असतं आणि त्याचे भाव चढलेले असतात. खलाशाकडे साठवायला काही नसतं. आपल्या कोळीवाड्यांत जून-जुलैची बंदी वर्षानुवर्षं पाळली जाते, कारण ती कधी येणार आणि नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात जाणार हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. पेरूतलं शून्य न सांगता येतं. चांगल्या वर्षांतल्या प्रत्येक टनामागे थोडी रक्कम बाजूला काढून ती शून्याच्या हंगामात खलाशांना द्यायची ठरवली, तर टनाला एक डॉलर धरूनही २०२५ च्या एका हंगामातून ३० लाख डॉलर जमतात.