पराग जपून ठेवण्याची विद्या

पाचोऱ्याच्या वैशाखात माणसाचा जीव कासावीस होतो, तेथे फुलातल्या धुळीची काय कथा? पण ती धूळ नव्हे. परागाचा कण जिवंत असतो आणि त्याचे वैरी दोन: ओल आणि ऊन. एवढे ध्यानी धरले की ही विद्या घरी जमते.

ती लागते कशाला? संकर करायचा तर नर व मादी एकाच वेळी फुलली पाहिजेत, आणि झाडे आपल्या सोयीने फुलत नाहीत. समजा, परसातले भरिताचे वांगे आधी फुलले आणि रोगाला दाद न देणारे दुसरे वाण महिनाभर मागे राहिले. मग आधीच्याचा पराग राखावा लागतो.

सकाळी नुकतेच उमललेले फूल घ्यावे. त्यातल्या पिवळ्या पुंकेसरांच्या टोकाला बारीक छिद्र असते. पराग तेथूनच बाहेर पडतो. पुंकेसर कागदावर सावलीत काही तास वाळवून टिचकीने झाडावेत. पराग लहान बाटलीत घालून वर वाण व तारीख लिहावी. ती बाटली, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या ताज्या पुड्यांसह, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये. गार परागावर दव धरते. अर्धा तास थांबावे. ही घाई फार महाग पडते.

मादीच्या झाडावरची उद्या उमलेल अशी कळी आदल्या संध्याकाळी उघडून तिचे पुंकेसर चिमट्याने काढावेत, वर कागदी पिशवी चढवावी. सकाळी कुंचल्याने पराग कुक्षीवर लावून पिशवी पुन्हा घालावी व देठाला दोरा बांधावा. बियांसाठी हे वांगे पिवळे पडेपर्यंत तोडायचे नाही. घरच्यांना तसे सांगून ठेवा, नाहीतर संकराचे भरीत होते!

वांग्याचा पराग असा काही आठवडे टिकतो. कपाशीचा मात्र जेमतेम एक दिवस. सुरतेस डॉ. सी. टी. पटेल यांनी काढलेला संकर-४ कापूस १९७० साली आला, तो याच हातकामावर: संध्याकाळी कळ्या सोलायच्या, सकाळी पराग लावायचा. साठवण नाही, म्हणून खाडा नाही. क्रॉसिंगच्या हंगामात बायाबापड्या सकाळ-संध्याकाळ शेतात. फूल रविवार पाळत नाही, हे प्लॉटवाल्याचे म्हणणे खरे. पण पाळीपाळीने माणसे बदलता येतात, हे तो कधी सांगत नाही.