खाद्यपदार्थांतील नॅनोतंत्रज्ञान आणि जनमत

खाद्यपदार्थांत किंवा त्यांच्या वेष्टनांत साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या घटकांचा वापर करण्याविषयी ग्राहकांची स्वीकृती, शंका व विरोध हा २१ व्या शतकाच्या पहिल्या दशकापासून संशोधनाचा विषय ठरला आहे. दुधातील काही प्रथिने मुळातच या आकाराची असतात. त्यामुळे वाद लहान आकाराचा नसून मुद्दाम मिसळलेल्या कणांचा आहे.

वेष्टन आणि अन्न

स्वित्झर्लंडमधील मिखाएल सीग्रिस्ट व सहकाऱ्यांच्या २००७ व २००८ मधील अभ्यासांत ग्राहकांना नॅनो-वेष्टन हे नॅनो-अन्नापेक्षा अधिक स्वीकारार्ह वाटले. उत्पादकांवरील विश्वासाचाही मतांवर प्रभाव दिसला. केवळ माहिती पुरवल्याने विरोध मावळतो, ही समजूत मात्र टिकत नाही. अमेरिकेत एकूण नॅनोतंत्रज्ञानाविषयी झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समतोल माहिती वाचल्यावर लोकांची मते त्यांच्या सांस्कृतिक कलानुसार अधिकच दुभंगली.

गोपनीयता

ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या विज्ञान व तंत्रज्ञान समितीने जानेवारी २०१० च्या अहवालात अन्नउद्योग आपले नॅनो-संशोधन झाकून ठेवतो, अशी टीका केली. जनुकीय सुधारित अन्नाला झालेल्या विरोधाची धास्ती या मौनामागे होती. परंतु मौनामुळेच अविश्वास वाढण्याचा धोका समितीने दाखवून दिला.

टायटॅनियम डायऑक्साइड

या वादाचे सर्वाधिक ठळक उदाहरण म्हणजे मिठाई, च्युइंग गम इत्यादींना शुभ्रता देणारे ई१७१ हे रंगद्रव्य. त्यातील कणांचा काही भागच नॅनो आकाराचा असतो. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून घटकसूचीत ‘नॅनो’ हा शब्द लिहिणे बंधनकारक झाले, तरी हा नियम हेतुपुरस्सर बनवलेल्या नॅनोसामग्रीपुरता असल्याने ई१७१ बहुधा त्यातून निसटत असे. फ्रान्समधील एका ग्राहक नियतकालिकाने २०१७ मध्ये तपासलेल्या गोड पदार्थांत असे नॅनोकण आढळल्याचे जाहीर केले. फ्रान्सने १ जानेवारी २०२० पासून अन्नातील ई१७१ वर बंदी घातली. जनुकीय हानीची शक्यता नाकारता येत नसल्याने ते सुरक्षित मानता येणार नाही, असे मत युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये दिले आणि २०२२ मध्ये बंदी संपूर्ण युरोपीय संघाला लागू झाली. ब्रिटनच्या अन्न नियामकाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. अमेरिकेत वजनाच्या १ टक्क्यापर्यंत वापराला मुभा आहे; तथापि तेथेही एका मोठ्या डोनट साखळीने भागधारकांच्या दबावानंतर २०१५ मध्ये पिठीसाखरेतून हा घटक वगळण्याचे ठरवले.

भारत

जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै २०२० मध्ये नॅनो-आधारित कृषी निविष्ठा व अन्नपदार्थांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.