जठरव्रण आणि एक चिवट जीवाणू

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याचे पाणी इतके अल्कधर्मी आहे, की त्याचा सामू सुमारे १० भरतो. तरीही त्यात सूक्ष्म जीव सुखाने नांदतात. याच्या अगदी उलट टोकाची जागा आपल्या प्रत्येकाच्या पोटात आहे. रिकाम्या जठरातील रसाचा सामू २ च्या आसपास असतो. सामू एकाने उतरला, की हायड्रोजन आयनांचे प्रमाण दसपट होते. म्हणजे शुद्ध पाण्याच्या मानाने हे प्रमाण १,००,००० पट झाले! अशा आम्लात जीवाणू घर करू शकणार नाहीत, असेच डॉक्टर मंडळी दीर्घकाळ मानत आली.

मग जठरात किंवा लहान आतड्याच्या आरंभी व्रण, म्हणजे अल्सर, का होतो? तिखट खाणे आणि काळजी करणे, हे त्याचे ठरलेले उत्तर. आपल्याकडे सारा दोष ठेच्याच्या माथी जाई. रोगी आम्ल कमी करणारी औषधे घेई; ती थांबली, की व्रण बहुधा पुन्हा उद्भवे. काहींवर शस्त्रक्रियेची पाळी येई.

१९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना जठराच्या अस्तराच्या तुकड्यांत मळसूत्री आकाराचे जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. पुढे बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहिले, तर ते वाढेनात. दोन दिवसांत काही उगवले नाही, की बशी टाकून देण्याचा प्रघात होता. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे बश्या पाच दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जीवाणूंच्या वसाहती दिसल्या! हे जीवाणू मुळात सावकाश वाढणारे होते. त्यांना आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात.

हा जीवाणू आम्लात तगतो कसा? त्याच्याजवळ युरिएज नावाचे विकर असते. ते जठरातील युरियाचे विघटन करून अमोनिया व कार्बन डायऑक्साइड तयार करते. अमोनिया अल्कधर्मी असल्याने जीवाणूभोवतीचे आम्ल उदासीन होते. लोणारच्या जीवांना अल्क मानवते. याला मात्र आम्ल मानवत नाही, म्हणून तो स्वतःभोवती जणू छत्री उघडतो आणि अस्तरावरील बुळबुळीत थरात शिरतो. तेथे दाह होतो, अस्तराचे संरक्षण दुबळे पडते आणि मग आम्लाने जखम होते.

लोकांना हे पटेना. १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच हे जीवाणू प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना मळमळ, उलट्या सुरू झाल्या व जठराला दाह झाल्याचे आढळले. लक्षात घ्या, व्रण झाला नव्हता. जीवाणू नष्ट केले, की व्रण सहसा परत येत नाही, असे रुग्णांवरील चाचण्यांत दिसले तेव्हा शंका मिटली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या जीवाणूचा शोध श्वासावरूनही लागतो, आणि त्यात भौतिकशास्त्राची गंमत आहे. रोग्याला कार्बन-१३ असलेला युरिया पाजतात. जीवाणू असल्यास युरियाचे विघटन होऊन हा कार्बन रक्तावाटे फुप्फुसांत व तेथून उच्छ्वासात येतो. तो नेहमीच्या कार्बन-१२ पेक्षा किंचित जड असल्याने उपकरणाने ओळखता येतो. तो किरणोत्सारीही नसतो.

जगातील कोट्यवधी लोकांच्या जठरात हा जीवाणू असतो, पण व्रण थोड्यांनाच होतो. वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापरानेही व्रण होऊ शकतो. हा संसर्ग बहुधा बालपणीच होतो. म्हणून स्वच्छ पाणी आणि हात धुण्याची सवय महत्त्वाची. दीर्घकाळ राहिलेल्या संसर्गामुळे जठराच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. उपचारात प्रतिजैविके व आम्लरोधक औषध एकत्र देतात. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडली, तर उरलेले जीवाणू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.

तेव्हा घरात कोणाचे पोट वारंवार दुखत असेल, किंवा शौचास डांबरासारखे काळे होत असेल, तर ठेच्याला बोल लावून थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. आज या व्रणावर खात्रीचा इलाज आहे.