चाळणी आणि कुलूप
(लेखमाला : पडद्यावरचा पहारा, लेखांक ५)

गेल्या लेखांकात आपण चीनमधली व्यवस्था पाहिली. तिथे इंटरनेट सहसा बंद होत नाही, ते चाळणीतून गाळले जाते. फेसबुक आणि ट्विटर २००९ पासून अडवलेले आहेत. देशी ‘वेइबो’ आणि ‘वीचॅट’वर लोक भरपूर बोलतात, पण सरकारला नको असलेला मजकूर कंपन्यांनीच काढून टाकायचा असतो. वुहानचे डॉ. ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी सहकारी डॉक्टरांना नव्या आजाराचा इशारा दिला, तेव्हा पोलिसांनी त्यांनाच अफवा पसरवल्याबद्दल समज दिली. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच आजाराने ते गेले. त्या रात्री वेइबोवर बोलण्याच्या स्वातंत्र्याची उघड मागणी झाली आणि काही तासांत ती पुसलीही गेली.

आपल्याकडची रीत वेगळी आहे. आपण कुलूप लावतो.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पाळला गेला, त्यात दगडफेक आणि जाळपोळ झाली. जमावबंदी लागू झाली आणि इंटरनेट सेवाही थांबवण्यात आली. पुढे अटकेतल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला आणि परभणीचे नाव देशभर गेले. इंटरनेटबंदीची चर्चा मात्र फारशी झाली नाही, कारण मराठवाड्याला तिची सवय झाली आहे. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात, २०२३ आणि २०२४ मध्ये, जालना आणि बीडनेही ती अनुभवली होती.

अशी बंदी आली की मोबाइल कंपन्या ठरलेल्या भागातली डेटा सेवा थांबवतात. फोन बहुधा चालू राहतात, पण बाकी सगळे ठप्प होते. दुकानातले यूपीआय, विद्यार्थ्याचा ऑनलाइन अर्ज, रब्बीच्या ऐन हंगामात शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर येणारा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला, सगळेच. दगड उचलणारा आणि दगडाचा निषेध करणारा, दोघांचेही तोंड एकाच वेळी बंद होते. चाळणी निदान काहींना वगळते, कुलूप कोणालाच वगळत नाही. चीननेही हे कुलूप वापरले आहे. जुलै २००९ मध्ये उरुमची शहरातल्या दंगलीनंतर शिंजियांग प्रांताचे इंटरनेट सुमारे दहा महिने तोडलेले होते.

अफवेने माणसे मरू शकतात, आणि हिंसा रोखणे हे प्रशासनाचे कर्तव्यच आहे. पण अफवा तोंडीही पसरते, फोनवरही पसरते. बंदीत अडते ते तिचे खंडन. पोलिसांचे निवेदन, पत्रकाराने तपासलेली बातमी, शांततेचे आवाहन, यातले काहीच लोकांच्या मोबाइलपर्यंत पोहोचत नाही. बंदीने हिंसा थांबते का, याचा अभ्यास सरकारने केलेलाच नाही, असे संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने २०२१ मध्ये नोंदवले होते.

कायद्याने मात्र सरकारचे हात मोकळे सोडलेले नाहीत. काश्मीरमधल्या बंदीविरुद्ध संपादक अनुराधा भसीन न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इंटरनेटवरून बोलणे आणि व्यवसाय करणे यांना संविधानाचे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही आणि प्रत्येक आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या दूरसंचार नियमांनुसार आदेशात कारण आणि क्षेत्र लिहावे लागते, तो १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही आणि पुनर्विलोकन समितीला तो तपासावा लागतो. राज्यात असा आदेश देण्याचा अधिकार मुळात गृह विभागाच्या सचिवांना आहे. हे नियम आले आणि काही आठवड्यांतच परभणीचे इंटरनेट बंद झाले.

परभणीला बोलण्यावरच्या पहाऱ्याचा जुना अनुभव आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानामुळे जाहीर सभेला परवानगी लागे. तरीही १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. परवानगीच्या राज्यातही आपल्या माणसांनी एकत्र बसून प्रश्न मांडले, ते लोकांना विचार करता येतो या विश्वासावर.

आज प्रशासनाकडून तोच विश्वास अपेक्षित आहे. माझे मत स्पष्ट आहे. सबंध जिल्ह्याचे इंटरनेट बंद करणे हा शेवटचा उपाय असला पाहिजे, आणि तो वापरलाच तर लेखी कारणासह, मोजक्या भागापुरता आणि मोजक्या तासांपुरता. हे घडवणे आपल्याही हातात आहे. पुढच्या वेळी मोबाइलवरचे इंटरनेट गेले, तर ते परत येण्याची नुसती वाट पाहू नका. आदेश कोणी दिला, कोणत्या कारणासाठी आणि कुठे प्रसिद्ध केला, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा.