वॉर्डात खाटेजवळ येणारी फिजिओथेरपीची मुलं

नेरूळ आणि कामोठ्याला फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, त्यांच्या जोडीला मोठी रुग्णालयंही आहेत. तुर्भे, दिघा, रबाळे इथल्या वस्तीतला माणूस लकव्याने तिथे दाखल झाला, की एक-दोन दिवसांत पांढऱ्या ॲप्रनातली मुलं-मुली खाटेजवळ येतात. हात-पाय उचलून बघतात, प्रश्न विचारतात, वहीत लिहितात. मग दुसरी येतात आणि तेच विचारतात. घरचे वैतागतात, "आमच्या माणसावर शिकतायत!"

शिकतातच. पण काय शिकतात ते कळलं, तर पेशंटचाच फायदा आहे.

आपल्याकडे बारावी सायन्सनंतर 'नीट' देऊन या पदवीला प्रवेश मिळतो. चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप असा क्रम आजवर चालत आला आहे. स्नायूंची नावं पुस्तकातून पाठ होतात. डॉक्टर, नर्स आणि बाकीच्यांबरोबर एका पेशंटसाठी मिळून काम कसं करायचं, हे मात्र वॉर्डातच शिकावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली यावर एक आराखडाच काढला. निरनिराळ्या आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसोबत आणि एकमेकांकडून शिकावं, असं त्यात म्हटलं आहे.

उदाहरण घेऊ. नाक्यावर काम शोधणारा पन्नाशीचा माणूस. उजवी बाजू गेली आहे, जीभ अडखळते. विद्यार्थ्याला त्याला खाटेवर बसवायचं आहे. हात लावण्याआधी त्याने नर्सला विचारायचं असतं, की आज बीपी किती आहे, सकाळी चक्कर आली होती का, उठवायला डॉक्टरांनी सांगितलं आहे का. बसवल्यावर पाण्याच्या घोटाला ठसका लागला, तर वहीत लिहून चालत नाही, लगेच नर्सला सांगायचं. गिळणं बिघडलं असेल तर अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ते तपासायला स्पीच थेरपिस्ट लागतो. घास तोंडात घालणं, बटण लावणं, अंघोळ ही कामं पुन्हा शिकवतो तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट. तो फिजिओथेरपिस्टहून वेगळा. (मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. फिजिओथेरपीची शाळाही त्याच रुग्णालयात, थोड्याच काळाने सुरू झाली.)

सांगण्याचं काम उलट बाजूनेही असतं. लुळा पडलेला हात धरून पेशंटला ओढून उठवलं, तर खांदा निखळतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखतो. हे वॉर्डबॉयला, मावशींना सांगणं विद्यार्थ्याचं काम आहे. तिसऱ्या वर्षाच्या पोराने वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या मावशींना सांगायचं, म्हणजे सोपं नाही. मान ठेवूनच सांगावं लागतं. शिवाय पेशंट कुशीवर कसा वळवायचा, हे त्यानेही मावशींकडून शिकून घ्यावं.

या सगळ्यांत घर माहीत असतं फक्त आपल्याला. वॉर्डाच्या गुळगुळीत लादीवर वॉकर घेऊन दहा पावलं टाकली की सगळे खूश होतात. पण आपल्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं, तिथे वॉकर कसा चालणार? संडास सार्वजनिक, बसायचा उकिडवं, झोपायला शिडीने माळ्यावर. चांगला विद्यार्थी हे आपणहून विचारतो. नाही विचारलं तर आपण सांगायचं, मोबाइलवर घराचा आणि वाटेचा फोटो दाखवायचा. मग पायरी चढण्याचा सराव घेता येतो. कमोडच्या खुर्चीसाठी आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवता येतं.

विद्यार्थ्याबरोबर शिक्षक असतात. त्यांचं नाव विचारायला लाजू नका. एखादी गोष्ट करून घ्यायची नसेल तर स्पष्ट नाही म्हणा, त्यावरून उपचार थांबत नाहीत. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच, रोज राहणार असेल त्या माणसाला वॉर्डात बोलवा, मग ती सून असो की शेजारीण. व्यायाम तिच्याकडून एकदा करवून घ्या, मराठीत लिहून घ्या, चालेल म्हणाले तर व्हिडिओ काढा. कुठला त्रास झाला तर व्यायाम थांबवायचा आणि पुन्हा ओपीडीत कधी यायचं, हेही त्याच कागदावर लिहून मागा.