पेट्रोलच्या वाफेची गळती : निदान आणि बंदोबस्त

मोटारीपासून होणारे प्रदूषण म्हटले की धूर सोडणारा सायलेन्सर डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु पेट्रोलवर चालणारी मोटार इंजिन बंद करून नुसती उभी असतानाही हवा दूषित करू शकते, ही बाब फारशी ध्यानात घेतली जात नाही. पेट्रोल हा अत्यंत बाष्पशील पदार्थ होय. उन्हाळ्यात भर दुपारी कार्यालयाच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारीची टाकी तापते, आत वाफ साठते आणि तिला वाट मिळाली की ती बाहेर पडते. या वाफेत कर्करोगास कारणीभूत ठरणारे बेंझिन असते. सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी तिची प्रक्रिया होऊन श्वसनास अपायकारक असा ओझोन वायू जमिनीलगत तयार होतो. आगीचा धोका आणि इंधनाचे नुकसान हे आणखी वेगळेच.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. त्याखाली निवडलेल्या महाराष्ट्रातील शहरांत कोल्हापूरचा समावेश आहे. या निवडीमागील मुख्य कारण धूलिकण हे असले, तरी शहराच्या हवेचा विचार करताना न दिसणाऱ्या या वाफेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

यंत्रणा कशी चालते?

टाकीतील वाफ हवेत जाऊ नये यासाठी मोटारीत एक बंदिस्त यंत्रणा बसविलेली असते. अशा यंत्रणेची सक्ती प्रथम १९७० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाली. टाकीतील वाफ एका नळीवाटे कॅनिस्टर नावाच्या डब्यात जाते. या डब्यात क्रियाशील कोळसा भरलेला असतो. तो वाफ धरून ठेवतो. इंजिन सुरू होऊन तापले की संगणकाच्या आज्ञेने पर्ज व्हॉल्व्ह ही विजेवर चालणारी झडप उघडते. इंजिनाच्या ओढीमुळे बाहेरची ताजी हवा कोळशातून जाते आणि साठलेली वाफ सोबत घेऊन इंजिनात जळून जाते. म्हणजे जी वाफ वाया गेली असती, तिचेच इंधन होते. डिझेल सहजी उडून जात नसल्याने डिझेल मोटारींना ही यंत्रणा लागत नाही. भारत टप्पा-४ च्या निकषांपासून पेट्रोल दुचाकींच्या वाफेवरही मर्यादा घालण्यात आल्यामुळे असा छोटा डबा दुचाकींतही आढळतो.

प्रमाणपत्र आणि दिवा यांच्या मर्यादा

पी.यू.सी. तपासणीत मोटार चांगली ठरली म्हणजे सर्व ठीक आहे, असा समज प्रचलित आहे. तथापि पेट्रोल वाहनाच्या या तपासणीत सायलेन्सरमधून येणाऱ्या वायूंतील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचेच प्रमाण मोजले जाते. टाकीच्या झाकणातून वा फुटक्या नळीतून जाणारी वाफ तेथे मोजलीच जात नाही.

डॅशबोर्डवरील इंजिनाच्या दिव्याचेही तसेच आहे. अमेरिकेतील मोटारींत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्राचीही दखल घेणारी योजना असते. युरोपीय धर्तीच्या नियमांत मात्र पर्ज व्हॉल्व्हचे विद्युत मंडल अखंड आहे की नाही, एवढेच पाहणे किमान आवश्यक मानले आहे. भारतीय नियम याच धर्तीवर आखलेले आहेत. म्हणून आपल्याकडे झडपेची वायर तुटली तर दिवा लागेल. नळीला भेग पडली तर तो लागेलच असे नाही. अशा वेळी नाक, डोळे आणि क्रमवार तपासणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

निदानाचा क्रम

सोप्या व बिनखर्चाच्या तपासणीपासून आरंभ करावा, हा पहिला नियम होय. मोटारीच्या मागील बाजूस पेट्रोलचा वास येत असेल, तर प्रथम टाकीचे झाकण पाहावे. ते पूर्ण बसते काय, त्याच्या रबरी वॉशरला चिरा गेल्या आहेत काय, हे तपासावे. त्यानंतर टाकीपासून कॅनिस्टरपर्यंतच्या व तेथून इंजिनापर्यंतच्या नळ्या, विशेषतः वळणे आणि जोड, बारकाईने पाहावेत.

पेट्रोल भरल्यानंतर लगेच इंजिन सुरू होण्यास त्रास होत असेल किंवा ते उभ्या जागी अडखळत चालत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिल्याचा संशय घ्यावा. ही झडप सामान्यतः वीज नसताना बंद असते. इंजिन बंद ठेवून ती सोडवावी आणि स्वच्छ नळीने फुंकून पाहावे. हवा आरपार गेली तर झडप निकामी झाली असे समजावे. उलट ती बंदच राहिली, तर कॅनिस्टर रिकामा होत नाही आणि वास सुटतो.

झाकण उघडताच हवा जोराने आत ओढल्याचा आवाज येणे किंवा पंपावर नोझल वारंवार बंद पडणे, ही कॅनिस्टरची हवेची वाट तुंबल्याची चिन्हे होत. पावसाळ्यात शेतरस्त्यांवरून फिरणाऱ्या मोटारीत तेथे चिखल बसतो. क्वचित कुंभारीण माशी मातीचे घर करते.

स्कॅनरवर पी-०४४३ हा संकेत आल्यास दोष झडपेच्या विद्युत मंडलात आहे, एवढाच त्याचा अर्थ. दोष झडपेत, वायरीत की जोडणीत, हे मीटर लावून ठरवावे लागते. संकेत दिसताच सुटा भाग बदलणे म्हणजे ग्राहकाचा पैसा वाया घालविणे होय. एवढ्यानेही गळती सापडली नाही, तर अत्यल्प दाबाने धूर सोडणारे यंत्र वापरावे. जेथून धूर निघेल तेथे छिद्र. टायरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर यासाठी कदापि लावू नये. टाकी वा कॅनिस्टर फुटू शकतो. काडी पेटवून गळती शोधणे तर जिवावर बेतणारे आहे.

ऊस, इथेनॉल आणि रबरी नळ्या

कोल्हापूर जिल्ह्याचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे. जिल्ह्यातील मुख्य पीक ऊस, आणि उसापासून होणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये मिसळले जाते. वीस टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलच्या विक्रीस देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रारंभ झाला. इथेनॉलच्या मिश्रणाने पेट्रोलची बाष्पशीलता काहीशी वाढते, तसेच या इंधनासाठी न बनविलेले जुने रबर लवकर खराब होऊ शकते. त्यामुळे जुन्या मोटारींच्या नळ्या व वॉशर यांची तपासणी अधिक वेळा होणे इष्ट आहे.

एक सवय सोडावी

या यंत्रणेचे मोठे नुकसान पंपावरच होते. नोझल आपोआप बंद झाल्यानंतरही रक्कम पूर्ण करण्यासाठी टाकी काठोकाठ भरण्याची सवय सर्वत्र दिसते. वर चढलेले पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरते आणि केवळ वाफेसाठी असलेला कोळसा भिजून निकामी होतो. नोझल थांबले की भरणे थांबवावे, एवढे पथ्य पाळल्यास मोठा खर्च वाचतो.

जिल्हा परिषद, पंचायत समित्या व शाळा यांच्या वाहनांच्या नोंदवहीत ऑइल व टायर यांच्याबरोबरच टाकीचे झाकण, नळ्या आणि कॅनिस्टर यांच्या सहामाही तपासणीचा एक रकाना घालता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना हा क्रम प्रत्यक्ष मोटारीवर शिकविता येईल. ओतकाम आणि इंजिनांच्या कामात नाव मिळविलेल्या शिवाजी उद्यमनगरच्या कारागिरांना ही विद्या अवघड नाही. गरज आहे ती पेट्रोलचा वास ही नित्याची बाब न मानता दोषाची पहिली सूचना मानण्याची.